जुन्या सिनेमाच्या पोस्टरचं खरं वय कसं काढायचं? नवीन जमवणाऱ्यांसाठी

जुनी हिंदी-मराठी सिनेमाची पोस्टरं जमवायला घेतली की सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, हे ओरिजिनल आहे का? दुकानदार म्हणतो एकदम ओरिजिनल, आणि बऱ्याचदा तो खोटंही बोलत नसतो, कागद खरंच जुना असतो, खरंच कुठल्यातरी टॉकीजला लावायला छापलेला असतो, फक्त सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हाचा नसतो. आपल्याकडे घरोघरी टीव्ही आणि व्हिडिओ येईपर्यंत चांगला चाललेला सिनेमा परत परत लागायचा, शहरात मॅटिनीला, तालुक्याच्या टॉकीजला, जत्रेत तंबूत, आणि पोस्टरं संपली की नवीन छापून घेतली जायची. त्यामुळे १९५७ च्या सिनेमाचं पोस्टर १९५७ चं असू शकतं, १९६८ चं असू शकतं, १९८० चं असू शकतं, आणि मागच्या महिन्यात डिजिटल प्रिंट काढून चहाच्या पाण्यात बुडवलेलं पण असू शकतं. या चौघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तर नवीन माणसाने एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यायची. सिनेमाचं वर्ष बाजूला ठेवायचं आणि हातातल्या कागदाचं वय काढायचं. ते काढताना कागदावर छापलेली सगळ्यात नवीन गोष्ट कुठली ते शोधायचं, कारण पोस्टर त्या गोष्टीच्या आधीचं असूच शकत नाही. बाकी चित्र कितीही जुनं वाटू दे, रंग कितीही उडालेले असू देत. खाली सगळं यावरच आहे.

आधी काय जमवायचं ते ठरवा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घेत सुटलात तर सहा महिन्यांत कपाट भरतं आणि खिसा रिकामा होतो, आणि शिकणं काहीच होत नाही. एक धागा पकडा. एखादा नट, एखादा चित्रकार, एखादी कंपनी, एखादं दशक. माझं प्रामाणिक मत विचाराल तर नवीन माणसाने सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मराठी सिनेमापासून सुरुवात करावी, दादा कोंडकेंचे सिनेमे, त्यानंतर 'अशी ही बनवाबनवी'च्या आसपासचा सगळा विनोदी सिनेमा. एक तर मोठ्या हिंदी सिनेमांच्या मानाने स्वस्त मिळतात, दुसरं म्हणजे या पोस्टरांवरची मराठी अक्षरं, पत्ते, गावांची नावं आपल्याला वाचता येतात आणि कळतात, त्यामुळे डोळा लवकर तयार होतो. 'मुघल-ए-आझम' आणि 'शोले' नंतर कधीही घेता येतील, तिथे नकली माल सगळ्यात जास्त आहे कारण मागणी सगळ्यात जास्त आहे.

प्रकार पण माहीत असू द्या. मोठं पोस्टर वेगळं, थिएटरच्या लॉबीत काचेच्या पेटीत लावायचे फोटो वेगळे, शोकार्ड वेगळं (हे पुठ्ठ्यावर फोटो कापून चिकटवून आणि वरून रंगवून हाताने केलेलं असायचं, त्यामुळे प्रत्येक थोडंफार निराळं), आणि गाण्यांची चोपडी वेगळी. चोपड्या अजून बऱ्यापैकी मिळतात आणि त्यांचा एक छुपा फायदा आहे, त्यात बऱ्याचदा कंपनीचा पूर्ण पत्ता आणि प्रेसचं नाव असतं, म्हणजे त्याच सिनेमाच्या पोस्टरशी ताडून बघायला उपयोगी.

कुठे शोधायचं

मुंबईत चोर बाजारात मटन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत आणि तिथे जायलाच हवं, पण तिथल्या दुकानदारांना भाव पण माहीत असतो आणि पर्यटकांसाठी छापलेले रीप्रिंट पण त्याच गठ्ठ्यात असतात. माझ्या मते खरा माल अजूनही डिस्ट्रिब्युशनच्या वाटेवर सापडतो. पोस्टर निर्मात्याकडून डिस्ट्रिब्युटरकडे जायचं आणि तिथून टॉकीजला. मुंबईत लॅमिंग्टन रोडची नाझ बिल्डिंग म्हणजे डिस्ट्रिब्युटरांची पेठ होती. आणि विदर्भ-खानदेशातल्या लोकांनी तर हे लक्षात ठेवाच, सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि सेंट्रल इंडिया हा सगळा पट्टा अमरावती आणि भुसावळमधून चालायचा, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं ऑफिस भुसावळलाच आहे. या गावांत ज्यांच्या आजोबा-काकांची फिल्मची ऑफिसं होती त्यांच्या माळ्यावर अजून गठ्ठे असतात, न वापरलेले, घडी घातलेले. तसंच बंद पडलेल्या टॉकीजचे मालक, मॅनेजर, ऑपरेटर काका. जाऊन बसा, चहा घ्या, त्यांच्या आठवणी ऐका, घाई करू नका. आणि गठ्ठा रद्दीच्या भावात मागू नका, वाजवी पैसे द्या, कारण तुम्ही फसवलंत हे त्यांना नंतर कळतंच आणि मग ते दार पुढच्यालाही बंद होतं.

एक गोष्ट अजिबात घेऊ नका, कुठल्याही लायब्ररीचा, संग्रहालयाचा किंवा अर्काइव्हचा शिक्का असलेलं पोस्टर. कितीही स्वस्त असलं तरी, ते तिथून चोरलेलं असू शकतं.

खरेदीला निघायच्या आधी खरी जुनी पोस्टरं डोळ्यांनी बघून या. मुंबईत पेडर रोडला गुलशन महालात नॅशनल म्युझियम ऑफ इंडियन सिनेमा आहे, २०१९ पासून लोकांसाठी खुलं आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ साली सुरू झालेलं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, त्यांच्याकडे पोस्टरांचा मोठा साठा आहे आणि अधूनमधून प्रदर्शनं लागतात. खरा लिथो (दगडावर किंवा प्लेटवर हाताने चित्र काढून केलेली जुनी छपाई) एकदा नीट जवळून बघितला की तो रंग डोळ्यात बसतो, मोबाईलवर बघून ते होत नाही.

मोजपट्टी, मग बोटं

पोस्टर हातात आलं की चित्र बघायच्या आधी मोजा. आपल्याकडे पोस्टर मुख्यतः २० बाय ३० इंच आणि ३० बाय ४० इंच या मापात यायचं, त्याहून मोठं असेल तर वेगवेगळे तुकडे छापून भिंतीवर जोडून लावायचे. कडा कापलेल्या असतील तर इंच-अर्धा इंच इकडेतिकडे होतो, ते ठीक. पण साठच्या दशकातलं म्हणून दिलेलं पोस्टर १२ बाय १८ किंवा ए-थ्री किंवा २४ बाय ३६ निघालं तर पुढे बघायचीच गरज नाही, ही आजच्या प्रिंटिंगच्या दुकानातली मापं आहेत.

मग घड्या. पोस्टरं थिएटरला घडी घालून पाठवली जायची, गुंडाळून नाही, त्यामुळे खऱ्या जुन्या पोस्टरला घड्या असायलाच हव्यात आणि त्या घड्यांवर शाई झिजून पांढरी रेघ आलेली असते, चौकाच्या जागी जिथे दोन घड्या मिळतात तिथे छोटं भोक असतं. डोळे मिटून त्या रेघेवरून बोट फिरवा. बोटाला घडी लागली पाहिजे. स्कॅन करून छापलेल्या रीप्रिंटमध्ये मूळ पोस्टरच्या घड्या पण चित्रासारख्या छापल्या जातात, डोळ्याला दिसतात आणि बोटाला काहीच लागत नाही. ही टेस्ट पाच सेकंदांची आहे आणि निम्मा नकली माल इथेच गळतो.

कागद पातळ असतो, स्वस्त लगद्याचा, मागून चित्राची सावली दिसते. जाड चकचकीत आर्ट पेपर असेल तर सावध. पिवळेपणा कुठे आहे ते पण बघा. खरा जुना कागद कडांना आणि घड्यांच्या बाहेरच्या बाजूला जास्त तपकिरी होतो कारण हवा आणि उजेड तिथे पोचलेला असतो, आतल्या घड्यांत कागद त्या मानाने उजळ राहतो. चहात बुडवलेला सगळीकडे सारखा तपकिरी किंवा मग डाग-डाग असतो आणि कोपऱ्यात पाणी सुकल्याची कड दिसते. वास पण घ्या, हसू नका, माळ्यावरच्या कागदाचा वास बनवता येत नाही.

नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च मिळतो तो ठेवा जवळ. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात टाकायची चमक आणणारी केमिकल १९५० च्या सुमारास वापरात आली, आणि असा कागद यूव्हीखाली निळसर पांढरा झळकतो. म्हणजे चाळीसच्या दशकातलं म्हणून दिलेलं पोस्टर अंधारात ट्यूबलाइटसारखं चमकलं तर तो कागद त्या काळातला नाही. मात्र चमकलं नाही म्हणून जुनं ठरत नाही, आपल्याकडचा स्वस्त कागद नंतरही कित्येक वर्षं न चमकणाराच होता.

भिंग लावा आणि खालची बारीक अक्षरं बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं, स्वस्तात मिळतं. नवीन लोक भिंग लावतात ते हिरोईनच्या चेहऱ्यावर लावतात, आणि तिथे गोंधळायला होतं. पहिल्यांदा ते लावा सगळ्यात खालच्या ओळीवर, जिथे प्रेसचं नाव किंवा कंपनीचं नाव बारीक काळ्या अक्षरात असतं.

मूळ छपाईत काळं अक्षर हे काळ्या शाईचं एकसंध अक्षर असतं. कड जरा खडबडीत असेल, शाई जरा पसरलेली असेल, पण आत काळं म्हणजे सलग काळं. रीप्रिंट हा अख्ख्या पोस्टरचा फोटो असतो, त्यामुळे तिथे ते काळं अक्षर पण निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांचं बनलेलं दिसतं आणि कडेला रंगीत धूर असल्यासारखं वाटतं. एकदा हा फरक बघितलात की परत कधी विसरणार नाही.

आता चित्राकडे वळा. जुन्या लिथोत, म्हणजे दगडावर किंवा झिंकच्या प्लेटवर हाताने चित्र काढून छापलेल्या पोस्टरात, भिंगाखाली नियमित ठिपके नसतात, खडूने रंगवल्यासारखा दाणा दिसतो आणि रंग एकमेकांवर थरांनी बसलेले दिसतात, कधी लाल रंग ओठांच्या बाहेर सरकलेला असतो. नंतरच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे फोटोवरून प्लेट करून यंत्रावर केलेल्या छपाईत, ठिपके रांगेत, जाळी लावल्यासारखे, आणि चार रंगांचे ठिपके मिळून बारीक फुलं झाल्यासारखी दिसतात. आणि इंकजेट प्रिंट असेल तर ठिपके कसेही उडालेले, रांग नाही, फुलं नाहीत, खूपच बारीक फवारा. दाणा, जाळी, फवारा एवढं लक्षात ठेवलं तरी बाजारात काम भागतं. जाळी दिसली म्हणून नकली समजू नका हां, साठ-सत्तर-ऐंशीची असंख्य खरी पोस्टरं ऑफसेटचीच आहेत.

सिनेमाच्या नावाची अक्षरं पण बघा. त्या काळी नाव हाताने काढलेलं असायचं, त्यामुळे एकाच नावात दोनदा 'र' आला तर दोन्ही 'र' तंतोतंत सारखे नसतात. अगदी छापील सारखे असतील तर ते कॉम्प्युटरवर नव्याने बसवलेलं आहे.

आता वाचा, प्रत्येक शब्द

मला या सगळ्या छंदात हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पोस्टरवरचा एकेक शब्द काहीतरी सांगतो, फक्त नीट ऐकायला हवं की तो नेमकं काय सांगतोय आणि काय नाही.

पत्ता. सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी मुंबईत विभागाचा नुसता नंबर असायचा, 'बॉम्बे-४', 'बॉम्बे-७' असा. तेव्हा पत्त्यात ४०० ००४ असं काही दिसलं की संपलं, कागद १९७२ च्या ऑगस्टनंतरचा. पण 'बॉम्बे-४' दिसलं म्हणजे १९७२ च्या आधीचाच असं म्हणता येत नाही, लोकांची जुनी सवय पुढेही चालू राहिली आणि प्रेसमध्ये जुने ब्लॉक (छपाईचे ठसे) पण वापरले जायचे. हे प्रत्येक खुणेला लागू आहे, नवीन खूण दिसली तर पक्कं कळतं, जुनी खूण दिसली तर फक्त शक्यता वाढते.

शहराचं नाव. इंग्रजीत 'बॉम्बे' जाऊन 'मुंबई' आलं ते १९९५ नंतर, मद्रासचं चेन्नई १९९६ ला, कलकत्त्याचं इंग्रजी स्पेलिंग कोलकाता असं २००१ ला. इथे मराठी लोकांना एक धोका आहे. मराठीत आपण मुंबईला कायम मुंबईच लिहीत आलोय, त्यामुळे मराठी पोस्टरवर देवनागरीत 'मुंबई' असणं ही काही खूणच नाही, प्रभात आणि राजकमलच्या काळातही ते तसंच असणार. फक्त इंग्रजी अक्षरांतला पत्ता बघायचा.

डिस्ट्रिब्युटरचा शिक्का. मागच्या बाजूला रबर स्टॅम्प असतो किंवा समोर खाली छापलेलं असतं, अमुक पिक्चर्स, भुसावळ. त्यावर 'सीपी बेरार' किंवा 'निझाम' (जुन्या हैदराबाद संस्थानाचा भाग) दिसलं की नवीन माणूस उडी मारतो, हे तर १९५६ च्या आधीचं, राज्य पुनर्रचनेच्या आधीचं! तसं नाहीये. राज्यं बदलली तरी सिनेमाच्या धंद्यात टेरिटरीची, म्हणजे वितरणाच्या विभागांची, नावं तीच राहिली, आजही ट्रेडमधली माणसं निझाम टेरिटरी म्हणतात. यावरून पोस्टर कुठे फिरलं ते कळतं, कधी ते कळत नाही.

सेन्सॉरचं अक्षर. यू आणि ए जुनेच आहेत, पण यू/ए ही कॅटेगरी १९८३ ला आली. म्हणजे पोस्टरच्या कोपऱ्यात यू/ए असेल तर कागद १९८३ नंतरचा, सिनेमा कधीचाही असो. यू/ए १३+ किंवा १६+ असं वयासकट दिसलं तर तो २०२४ नंतरचा नवा मामला.

तंत्राच्या जाहिराती. त्या काळी पोस्टरवर हे मोठ्या अभिमानाने लिहायचे आणि आपल्याला त्याचा फार उपयोग होतो. भारतात पहिला सिनेमास्कोप (रुंद पडद्याचा सिनेमा) 'कागज के फूल', १९५९. पहिला ७० एमएम 'अराउंड द वर्ल्ड', १९६७. ओर्वोकलर हे पूर्व जर्मनीच्या रंगीत कच्च्या फिल्मचं नाव १९६४ पासूनचं. डॉल्बी आणि डीटीएस आपल्या पोस्टरांवर नव्वदच्या दशकात आले. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला ७० एमएममध्ये आला, तर त्याच्या पोस्टरवर ७० एमएम असणं बरोबरच आहे, पण त्याच 'शोले'च्या पोस्टरवर थ्रीडी दिसलं तर ते २०१४ च्या री-रिलीजचं. 'मुघल-ए-आझम' १९६० चा, बराचसा ब्लॅक अँड व्हाइट आणि थोडा रंगीत, पूर्ण रंगीत करून परत लागला २००४ ला, त्याची पोस्टरं पण आता जुनी म्हणून फिरतात.

रेकॉर्ड कंपनी बघा. गाण्यांच्या कंपनीचा लोगो कोपऱ्यात असतो. टी-सीरिज ही ऐंशीच्या दशकातली कंपनी, एचएमव्हीवाल्यांनी सारेगामा हे नाव घेतलं २००० साली. पन्नासच्या दशकातल्या सिनेमाच्या पोस्टरवर यातलं काही दिसलं की उत्तर मिळालं.

मानाच्या पदव्या आणि बक्षिसं. निर्माते ताबडतोब छापायचे. नर्गिसला पद्मश्री १९५८ ला मिळाली, 'मदर इंडिया' ऑक्टोबर १९५७ ला लागला होता. तर 'मदर इंडिया'च्या ज्या पोस्टरवर नर्गिसच्या नावाआधी पद्मश्री असेल ते पहिल्या रिलीजचं असूच शकत नाही. सिल्व्हर ज्युबिली, २५ वा आठवडा असं छापलेलं असेल तर ते पण उघडच नंतरचं, पण त्याच फेरीतलं असू शकतं आणि ते घ्यायला काहीच हरकत नाही.

कंपनीचा गाव. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा. त्याच्या एखाद्या कागदावर प्रभातचा पत्ता पुणे असेल तर तो कागद पुण्याला गेल्यानंतरचा.

नावांचा क्रम आणि चेहऱ्याचा आकार. एखादा नट तेव्हा छोट्या रोलमध्ये होता आणि नंतर मोठा झाला, तर री-रिलीजच्या पोस्टरवर त्याचा चेहरा फुगतो. १९७३ च्या 'जंजीर'आधीच्या एखाद्या सिनेमाच्या पोस्टरवर अमिताभ सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांत मोठा दिसला तर शंका घ्या आणि दुसऱ्या खुणा तपासा. एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका.

लिपी पण बघा. चाळीस-पन्नासच्या हिंदी पोस्टरवर नाव बहुतेक देवनागरी, इंग्रजी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत असायचं, पुढे उर्दू हळूहळू लहान होत कोपऱ्यात गेली आणि मग बऱ्याच पोस्टरांवरून दिसेनाशी झाली. तारीख नाही कळत यातून, पण काळाचा अंदाज येतो.

एक पोस्टर घेऊन बघू

समजा तुमच्यासमोर 'मदर इंडिया'चं ३० बाय ४० आलं. घड्या खऱ्या आहेत, बोटाला लागतायत. खालची अक्षरं भिंगाखाली सलग काळी, म्हणजे आजचं स्कॅन नाही. चित्रात जाळीचे ठिपके, म्हणजे ऑफसेट. पत्त्यात बॉम्बे ४०० ००४. पद्मश्री आहे. यू/ए नाही, पण त्याला अर्थ नाही कारण यू सिनेमा यूच राहतो. सगळ्यात नवीन खूण पिन कोड, तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचं. इंग्रजीत बॉम्बे आहे म्हणून १९९५ च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. तुमच्या वहीत लिहा, 'री-रिलीज, १९७२ नंतर, बहुतेक सत्तर-ऐंशीचं दशक'. १९७४ किंवा १९७९ असं काहीतरी ठोकून देऊ नका, जेवढं पुराव्याने कळतं तेवढंच लिहायचं. आणि असं पोस्टर वाईट समजू नका, री-रिलीजच्या भावात मिळालं तर खुशाल घ्या, भिंतीवर तेही सुंदरच दिसतं, आणि तालुक्याच्या टॉकीजला गर्दीने सिनेमा बघणाऱ्या लोकांनी बघितलेलं पोस्टर तेच असतं.

चित्रकाराची सही

कोपऱ्यात सही दिसली तर आनंद होतो आणि व्हायलाच हवा. मूकपटाच्या काळात बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं केली, आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या पोस्टरांत त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं नाव घेतात. पुढे एस. एम. पंडित, मग जी. कांबळे, ज्यांना के. आसिफने शांतारामबापूंच्या राजकमलमधून 'मुघल-ए-आझम'च्या पोस्टरांसाठी ओढून नेलं. मग दिवाकर करकरे, ज्यांच्या 'दीवार'च्या पोस्टरातला राग अजून ताजा वाटतो, पॅलेट नाइफने मारलेले जाड फटकारे आणि खालून येणारा लाल-निळा उजेड. किती मराठी हात आहेत यात, आणि आपल्याला यांची नावं माहीत नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पोस्टर जमवताना नटाबरोबर चित्रकाराचं नाव पण वहीत लिहा.

फक्त तारखेसाठी सहीवर विसंबू नका. चित्र जुनं असतं, सही चित्राबरोबर पुन्हा छापली जाते, कागद नवा असतो.

घरी आणल्यावर

लॅमिनेशन करू नका. फ्रेमवाला आग्रह करेल, शंभर वर्षं टिकेल सांगेल, करू नका. गरम प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेप पण नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदातून आरपार जातो. फाटलं असेल तर तसंच सपाट ठेवा आणि कागदाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. चांगलं रिपेअर म्हणजे जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, जी पाण्याने परत सोडवता येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्वेशन सेंटर आहे, अशा ठिकाणच्या लोकांचा सल्ला घ्या.

ठेवायचं कसं? शक्यतो सपाट, उघडलेलं, मध्ये अॅसिड-फ्री कागद घालून. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं चालतात, पीव्हीसीची नाही, ज्या प्लास्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते दूर ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा मुख्य शत्रू, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा, खालच्या कप्प्यात ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलसर झाल्या की बदला. गणपतीच्या आसपास सगळा संग्रह एकदा बाहेर काढून कसर, वाळवी, बुरशी बघा. उन्हात वाळत घालायचं नाही, पंख्याखाली सावलीत. फ्रेम करायची असेल तर मागे अॅसिड-फ्री बोर्ड, पुढे यूव्ही अडवणारी काच किंवा अॅक्रिलिक, आणि काच कागदाला टेकता कामा नये.

आणि वही. प्रत्येक पोस्टरचा पुढून-मागून फोटो, माप, खालच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा, मागचे शिक्के, कुणाकडून कुठे घेतलं, किती पैसे दिले. पेन्सिलीने मागे छोटा नंबर घाला, पेनने नको. थिएटरवाल्यांनी वरून चिकटवलेल्या 'आजपासून', 'दररोज ३ खेळ' असल्या पट्ट्या उपटून टाकू नका, खाली चित्र झाकलं गेलं तरी, त्यांच्यावर कधी टॉकीजचं नाव असतं आणि मग ते पोस्टर कुठल्या गावच्या भिंतीवर होतं ते कळतं.

ऑनलाइन आणि परदेशातल्यांसाठी

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे तीन फोटो मागा, मोजपट्टी शेजारी ठेवून पूर्ण पोस्टरचा, मागच्या बाजूचा, आणि खालच्या बारीक ओळीचा अगदी जवळून. खरा विकणारा दोन मिनिटांत पाठवतो. जो टाळाटाळ करतो त्याला सोडून द्या, पोस्टर कितीही आवडलेलं असलं तरी.

भारतातून बाहेर न्यायचं असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत असू द्या. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि मूकपटाच्या काळातली सुरुवातीची पोस्टरं आता त्या वयात आलीयेत. असं काही हाती लागलंच तर आधी भारतीय पुरातत्त्व विभागाकडे विचारणा करा. साठ-सत्तर-ऐंशीच्या पोस्टरांना ही अडचण नाही, पण बिल मात्र नीट घ्या आणि त्यावर वर्णन खरं लिहून घ्या, री-रिलीज असेल तर री-रिलीज. पोस्टर नेताना घडी घातलेलं घडीतच न्या, जुन्या घड्या मोडून नळीत कोंबलं तर त्या घड्यांवरच कागद फाटतो.